कूस बेचा १९३६ चा पूल, शेजारचा 'तुटलेला' रेल्वेपूल आणि बाबांची भीती

मूळ प्रश्न थोडक्यात सांगतो, म्हणजे मधूनच वाचणाऱ्यांना संदर्भ लागेल. प्रश्नकर्ते पोर्टलंडला राहतात, मूळचे महाडकडचे, आईबाबा भारतातून आलेत. मागच्या महिन्यात सगळे ओरेगनच्या किनाऱ्याने १०१ नंबरच्या हायवेने खाली गेले, कूस काउंटीत नॉर्थ बेंडचा मोठा पूल लागला, तिथे थांबून बाबांनी वर बघितलं, खाली बघितलं, गंजाचे ओघळ बघितले, १९३६ हे साल ऐकलं आणि पूल संपेपर्यंत डोळे मिटून बसले. आता परत त्याच रस्त्याने जायचंय तर बाबा नाही म्हणतायत, कारण २०१६ ला सावित्रीचा पूल गेला तेव्हा ते गावीच होते. म्हणून तीन प्रश्न: नव्वदीला टेकलेला पूल सेफ आहे का, बाजूचा रेल्वेचा पूल मधोमध तुटलाय तो तसाच का सोडलाय, आणि एवढा श्रीमंत देश आहे तर नवीन का बांधत नाहीत.

(कूस म्हणजे आपली कूस नव्हे, तिथल्या मूळ लोकांचं नाव आहे ते. कूस बे ही तिथली खाडी, हा पूल तिच्यावरच, आणि नॉर्थ बेंड तिच्या काठचं गाव. आणि काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा धरा.)

मी पूल तपासणीच्या कामात वीसेक वर्षं आहे, सुरुवात कोकणात झाली, नंतर इकडे पश्चिम किनाऱ्यावर. तेव्हा दोन्हीकडचं खारं पाणी माझ्या बुटात गेलेलं आहे एवढंच क्वालिफिकेशन समजा.

आधी रेल्वेपुलाचं सांगून टाकतो कारण ते ऐकून बाबा हसतील. तो तुटलेला नाही, उघडा आहे. स्विंग ब्रिज म्हणतात त्याला. मधला लोखंडी गाळा (म्हणजे पुलाचा मधला तुकडा) पाण्यातल्या एका गोल खांबावर बसवलेला असतो आणि जात्याची वरची तळी खुंट्याभोवती फिरते तसा तो अख्खा आडवा फिरतो. फिरून नदीच्या धारेला समांतर झाला की दोन्ही बाजूंनी जहाजं जातात, आणि तुम्ही लांबून बघितलं की वाटतं दोन्हीकडून रूळ आले आणि मधेच संपले. आपल्या डोक्यात असं असतं की उघडणारा पूल एरवी बंद असणार आणि जहाज आलं की उघडणार. इथे उलटं आहे, नियमच आहे की हा पूल कायम उघडा ठेवायचा, गाडी यायची असेल किंवा काही दुरुस्ती असेल तेवढ्यापुरता बंद करायचा. बंद असताना धुकं पडलं आणि खाडीत मैलभरापुढचं दिसेनासं झालं तर पुलावरच्या माणसाने दर मिनिटाला दोन लांब भोंगे द्यायचे असतात. जहाजाचा रस्ता आधी, रेल्वे नंतर.

असं का, तर हा सगळा मुलूख जहाजांवर वाढला. कूस बेचं लाकूड समुद्रमार्गे सॅन फ्रान्सिस्कोला जायचं, माणसंही बहुतेक बोटीनेच यायची जायची, ओरेगनच्या आतल्या भागाशी रेल्वेने संबंध आला तो थेट १९१६ ला. सदर्न पॅसिफिक ह्या रेल्वे कंपनीने आतल्या युजीन शहराहून डोंगर फोडून ही लाईन आणली, नऊ बोगदे, आणि वाटेत सायुस्लॉ आणि अम्पक्वा ह्या नद्या आणि कूस बे अशा तीन ठिकाणी स्विंग ब्रिज. बंदरवाल्यांनी रेल्वेला येऊ दिलं पण आमची वाट अडवायची नाही या अटीवर, असं म्हणा ना. तो उघडा गाळा म्हणजे शंभर वर्षांपूर्वीची ती अट आहे, अजून पाळतायत.

आणि गंमत बघा, २००७ च्या सप्टेंबरात ही लाईन बंद पडली तेव्हा सगळ्यांना वाटेल की पूल म्हातारे झाले असतील. पण लाईन बंद पडली ती बोगद्यांमुळे. लाकडाच्या कारखान्यांचा माल सगळा ट्रकवर आला, बोंबाबोंब झाली, शेवटी कूस बेच्या बंदरानेच ती लाईन विकत घेतली आणि २०११ ला मालगाड्या परत सुरू केल्या. म्हणजे तुम्ही बघितलेला 'तुटलेला' पूल चालू आहे.

आता मुख्य मुद्दा. तुम्ही विचारलंय "जुना पूल सेफ असतो का" पण बाबांचा खरा प्रश्न तो नाहीये. बाबांचा प्रश्न आहे की सावित्रीसारखं इथे होईल का. हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि लोक त्यांचा गोंधळ करतात, माझ्या धंद्यातले लोकसुद्धा. पूल कधी वयाने पडत नाही. कशानेतरी पडतो. तेव्हा कुठल्याही पुलाखाली उभं राहिलं की मी पहिलं विचारतो, ह्याला खातंय काय? आणि दुसरं, जिथे खातंय तिथे कोणी बघतंय का?

सावित्रीचा पूल १९२८ चा, दगडी कमानींचा. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाबळेश्वरकडे धो धो पाऊस, नदी फुगलेली, आणि पूल गेला, दोन एसटी आणि काही गाड्या गेल्या. मी त्या चौकशीत वगैरे नव्हतो त्यामुळे त्या पुलाबद्दल निकाल देणार नाही. पण दगडी कमानीच्या पुलाबद्दल सर्वसाधारण सांगू शकतो. त्यात सळई नसते. म्हणजे गंजायला काही नाही. दगडावर दगड दाबून धरलेले, वरून जितकं वजन तितकी कमान घट्ट. असा पूल दोनशे वर्षं आरामात उभा राहतो, एका अटीवर, की खालचा पाया हलता कामा नये. कमानीचा एक खांब वीतभर खचला तरी शेजारच्या दोन्ही कमानी सुटतात, आणि एक सुटली की पुढची.

पुराच्या पाण्यात खांबाभोवती काय होतं ते कधी ओढ्यात उभं राहून बघा, पायाच्या पुढे वाळू उकरली जाते आणि टाच खचत जाते. तेच. पाणी खांबावर आपटतं, खाली वळतं, भोवरा धरतं आणि पायाखालची वाळूमाती काढून नेतं. ह्यातली खरी चोरी अशी आहे की पूर ओसरताना तोच खड्डा गाळाने परत भरून येतो. म्हणजे पावसाळ्यानंतर तुम्ही तपासायला गेलात तर तळ सपाट. वरवर सगळं ठीक. पण जी भरली ती भुसभुशीत माती, पुढच्या पुरात तासाभरात निघून जाणारी.

मी स्वतः ह्यात तोंडघशी पडलोय. कोकणातच, एका खाडीवरचा जुना पूल, नाव सांगत नाही. ओहोटीला होडीतून फिरून खांब बघितले, सांधे चांगले, भेगा नाहीत, मी वहीत लिहिलं 'स्थिती चांगली'. होडीवाला कालवं काढणारा होता, तो म्हणाला साहेब तिसऱ्या खांबाखाली मी कालवं काढायला जातो तिथे हात आत जातो. मी म्हटलं म्हणजे? त्याने उत्तर न देता उडी मारली, वर आला तेव्हा दंडावर कालवांच्या शिंपल्यांचे ओरखडे, आणि दुसऱ्या हाताने कोपराच्या वर खूण करून दाखवली, इथवर. म्हणजे पायाच्या दगडाखाली हातभर पोकळी आणि वर मी लिहिलेलं 'स्थिती चांगली'. ते पान फाडून परत लिहिलं. तेव्हापासून पाण्याखालचं स्वतः किंवा डायव्हरकडून बघितल्याशिवाय मी सही करत नाही.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही हां. न्यूयॉर्क राज्यात स्कोहारी क्रीकवरचा हायवेचा पूल १९८७ च्या एप्रिलमध्ये पुरात असाच पायाखालून गेला, दहा माणसं गेली. त्याचं वय होतं तीस-बत्तीस. आणि ओहायो नदीवरचा सिल्व्हर ब्रिज, तोही १९२८ चाच, सावित्रीच्याच सालचा, तो १९६७ च्या डिसेंबरात संध्याकाळच्या ट्रॅफिकसकट पडला, ४६ माणसं. तिथे पूर नव्हता काही नव्हतं, साखळीतल्या एका लोखंडी पट्टीला बारीक तडा होता. त्यानंतर १९७१ ला इथे देशभर नियम आला की सार्वजनिक रस्त्यावरचा प्रत्येक पूल साधारण दोन वर्षांतून एकदा तपासायचाच, आणि स्कोहारीनंतर पाण्याखालच्या तपासणीचंही बंधन आलं, ती साधारण पाच वर्षांतून एकदा. म्हणजे इकडचे लोक काही जन्मजात शहाणे नव्हते, मार खाऊन शिकले.

बरं, तर कूस बेच्या पुलाला खातंय काय? मीठ.

हा पूल म्हणजे तीन तुकडे आहेत. दोन्ही टोकांना काँक्रीटच्या कमानींची रांग आणि मधे जहाजांच्या वाटेवर लोखंडी कॅन्टिलिव्हर ट्रस (म्हणजे त्रिकोणी जाळीचा, दोन्ही खांबांवरून पुढे हात काढून मधे जोडलेला सांगाडा), मधला गाळा ७९३ फूट म्हणजे २४२ मीटर, पाण्यापासून साधारण ४५ मीटर उंच. एकूण लांबी १६१७ मीटर. बनवणारा कॉन्डे मॅककुलो, ओरेगनचा सरकारी पूल इंजिनिअर, आणि ह्या माणसाने नोकरी करता करता वकिलीची डिग्रीपण घेतली होती (कंत्राटदारांशी रोज बोलावं लागलं की हे सुचतं, अनुभवाने सांगतो). मंदीच्या काळात केंद्र सरकारच्या पैशातून त्याने ह्या किनाऱ्यावर एकदम पाच मोठे पूल उभे केले, न्यूपोर्ट, वॉल्डपोर्ट, फ्लॉरेन्स, रीड्सपोर्ट आणि हा नॉर्थ बेंडचा. त्याआधी ह्या प्रत्येक खाडीवर गाड्या पलीकडे नेणारी तर, म्हणजे फेरीबोट, होती. आपल्याकडे दाभोळ-धोपावे तरीवर गाडी चढवताना जो वेळ जातो तो अख्ख्या किनाऱ्यावर पाच वेळा, असं समजा. मॅककुलो १९४६ ला गेला आणि पुढच्या वर्षी ह्या पुलाला त्याचं नाव दिलं.

काँक्रीटमधली सळई खरं तर सुरक्षित असते, सिमेंटच्या अल्कलीमुळे तिच्यावर एक पातळ कवच धरतं. पण समुद्रावरून येणारं धुकं आणि हिवाळ्यातली वादळं मीठ आणून काँक्रीटवर बसवतात, ते वर्षानुवर्षं आत झिरपतं, सळईपर्यंत पोचलं की कवच तुटतं आणि गंज सुरू. आणि गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, त्यामुळे आतून फुगतो आणि वरचं काँक्रीट ढकलून देतो.

हे दिसायच्या आधी ऐकू येतं. आम्ही पुलाखालून फिरणाऱ्या क्रेनच्या बादलीत उभे राहून हातोडीने ठोकत जातो, अक्षरशः इंच इंच, दिवसभर. चांगलं काँक्रीट ठण्ण वाजतं. आतून सुटलेलं असेल तर आवाज बसतो, भद्द, पिकलेल्या फणसावर टिचकी मारल्यासारखा. एकदा अशाच एका कमानीखाली, वारा इतका की बादली झुलत होती, एका जागी भद्द आलं, मी हातोडीचं टोक घालून जरा उचकटलं तर भाकरीएवढा तुकडा निघून हातात आला. त्यामागची सळई बघितली आणि नखाने पापुद्रे निघत होते, खारी बिस्किटासारखे. कागदावर इंचभर जाडीची, प्रत्यक्षात आत पेन्सिलीएवढं लोखंड उरलेलं.

म्हणजे बाबा घाबरले ते उगाच नाही. डाग खरे आहेत. पण डाग दिसणं आणि पूल पडणं ह्यात फार अंतर आहे, आणि त्या अंतरात काय करतात ते महत्त्वाचं.

ह्याच पाच पुलांमधला एक, वॉल्डपोर्टचा अल्सी बे पूल. तोच इंजिनिअर, तेच १९३६ साल. तो मिठाने इतका खाल्ला की दुरुस्तीच्या पलीकडे गेला, शेजारी नवा बांधून १९९१ ला जुना पाडला. लोक रडले म्हणतात. त्या धक्क्यानंतर ओरेगनवाल्यांनी ठरवलं की बाकीचे असे जाऊ द्यायचे नाहीत. मग त्यांनी काय केलं, तर तुमच्या घरच्या गीझरमध्ये मॅग्नेशियमचा रॉड असतो ना, जो स्वतः झिजतो आणि टाकीला गंजू देत नाही, त्याच जातीचं काम. आधी सुटलेलं काँक्रीट फोडून काढायचं, नवीन भरायचं, मग पृष्ठभाग साफ करून वर वितळलेलं झिंक फवारायचं, अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास थर. झिंक आणि आतली सळई ह्यांच्यामध्ये अगदी बारीक डीसी करंट सोडायचा. मग मिठाला जे खायचंय ते झिंकच्या बाजूला खातं, सळई वाचते. काही दशकांनी झिंक संपलं की परत फवारा. नॉर्थ बेंडच्या पुलाच्या काँक्रीटच्या भागावर हे काम टप्प्याटप्प्याने झालंय.

लोखंडी भागाचं सोपं आहे आणि महागही, रंग. त्या काळच्या रंगात शिसं असायचं, ते खरवडताना खाडीत पडू द्यायचं नाही म्हणून पुलाचा तुकडाच्या तुकडा पांढऱ्या कापडात गुंडाळतात आणि आत काम चालतं. तुम्हाला कधी असा बँडेज बांधलेला पूल दिसला तर तो आजारी नाही, त्याचं अभ्यंगस्नान चाललंय असं समजा.

रेल्वेच्या पुलाला मात्र मीठ असं आतून खात नाही कारण तो उघड्या लोखंडाचा, जे काय व्हायचं ते डोळ्यांसमोर होतं. शिवाय त्या काळातले रेल्वेपूल वाफेच्या अवजड इंजिनांसाठी धरलेले, त्यामुळे अंगात बऱ्यापैकी मांस असतं. तिथे त्रास देतात ते हलणारे भाग, मधला खुंटा, टोकाच्या पाचरी, कुलपं. बंद झाल्यावर रूळ अगदी दोऱ्यात जुळले पाहिजेत, नाहीतर गाडीला सिग्नल मिळत नाही. आणि ह्या लाईनवर जिथे जिथे लाकडी खांबांचे पूल आहेत तिथे शत्रू वेगळाच, खाऱ्या पाण्यातला लाकूड पोखरणारा किडा, आपले होडीवाले ज्याच्यासाठी तळाला तेल आणि डांबर फासतात तोच.

तर आतापर्यंतचं एका दमात: दगडी कमान पायाखालून जाते, काँक्रीट आतून फुटतं, लोखंड बाहेरून झिजतं किंवा तड्याने जातं, लाकूड पोखरलं जातं. साल बघून ह्यातलं काहीच कळत नाही.

नवीन का नाही बांधत? हे खरंच परिस्थितीवर आहे आणि माझं उत्तर प्रत्येक पुलाला वेगळं असतं. सळई किती उरलीय, रहदारी किती वाढलीय, पर्यायी रस्ता आहे का, दुरुस्ती करून किती वर्षं मिळतात आणि नव्याला किती पैसे. अल्सीला मी असतो तरी बहुतेक पाडाच म्हटलं असतं. नॉर्थ बेंडला गणित उलटं पडतं, दीड किलोमीटरहून लांब पूल, दुसरा सोयीचा रस्ता नाही, आणि २००५ पासून तो राष्ट्रीय ऐतिहासिक यादीत आहे, म्हणजे केंद्राचा पैसा लावून पाडायचा तर आधी बाकीचे सगळे पर्याय तपासून दाखवायला लागतात. मला हा कायदा आवडतो. आपल्याकडे जुना पूल म्हणजे एकतर नवा होईपर्यंत वापरा नाहीतर शेजारी नवा झाला तरी वापरत रहा, मधलं काही नाही. सावित्रीवर शेजारी २००१ चा नवा पूल होताच की, जुना तरी एका दिशेच्या वाहतुकीला चालू होता. जुना वापरू नये असं माझं म्हणणं नाही. पण वापरायचा तर त्याच्यावर नव्यापेक्षा जास्त खर्च आणि जास्त डोळे हवेत, आणि ते बजेटमध्ये कोणाला मागायला आवडत नाही कारण त्याची फीत कापता येत नाही.

एका गोष्टीत मात्र मी बाबांच्या बाजूने. भूकंप. ह्या किनाऱ्यासमोर समुद्राखाली कॅस्केडियाची भेग आहे, तिथे शेवटचा महाभूकंप २६ जानेवारी १७०० ला झाला, तारीख इतकी पक्की कळली ती जपानमध्ये त्या लाटा पोचल्याची नोंद होती म्हणून. १९३६ साली हे कोणाला माहीतच नव्हतं, त्यामुळे हे पूल त्या हिशोबाने बांधलेले नाहीत. तसा भूकंप आला तर ह्या पुलांवर माझा भरवसा नाही. पण त्या दिवशी किनाऱ्यावरच्या हॉटेलवर आणि रस्त्यावरही नसेल. रोजच्या गाड्यांसाठी, दोन वर्षांनी तपासल्या जाणाऱ्या पुलावरून मी माझ्या आईला घेऊन जाईन, आणि गेलोय.

बाबांना समजावत बसू नका, दाखवा. पूल ओलांडायच्या आधी उत्तरेच्या बाजूला ट्रान्सपॅसिफिक पार्कवेचा भराव लागतो, तिकडे वळा. तिथून एका नजरेत दोन्ही दिसतात, एकीकडे हिरवा रस्त्याचा पूल, दुसरीकडे रेल्वेचा. त्यांना विचारा ह्यातल्या कशाला काय खात असेल. कोकणातला माणूस आहे, खारं वारं काय करतं ते त्यांना तुमच्यामाझ्यापेक्षा जास्त कळतं, घराच्या खिडकीचे गज बदललेत त्यांनी. मग दक्षिण टोकाला सिम्पसन पार्क आहे तिथे थांबून कमानी खालून बघा. लोखंडी भागाच्या खालच्या वळणाने काँक्रीटच्या कमानींची लय कशी उचललीय ते तिथून कळतं.

वेळ असेल तर परतीच्या वाटेला ४२ नंबरच्या रस्त्याने आत रिमोट नावाचं गाव आहे, नावाप्रमाणेच. तिथे सँडी क्रीकवर १९२१ चा लाकडी पूल आहे, वर छप्पर असलेला. छप्पर माणसांसाठी नसतं, लाकडी ट्रस भिजून कुजू नये म्हणून असतं. आता गाड्या जात नाहीत त्यावरून, बाबा आत उभे राहून डबा खाऊ शकतात.

आणि भरावावर उभे असताना नशिबाने तो स्विंग गाळा फिरताना दिसला तर इथे व्हिडिओ टाका. फार हळू फिरतो, विंडचीटर बरोबर ठेवा.